चार बोटं अलीकडे

झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बाहेर आलो, तर रस्त्यापलीकडे लावलेली माझी गाडी जागेवर नव्हती.

ती पुढे चालली होती. अगदी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये, गावातल्या एकुलत्या एका सिग्नलकडे. मागे एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. छपरावरची पाटी मला एवढ्या लांबूनही वाचता येत होती, ‘आंबी मोटार ड्रायव्हिंग स्कूल’. पाटीखाली स्टिअरिंगवर हेरवाडे बाई एकट्या. शेजारची डावी सीट रिकामी. ती सीट माझी.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाई तीन आठवडे माझ्याकडे येत होत्या आणि तीन आठवड्यांत त्यांनी एकदाही स्वतः ब्रेक मारलेला नव्हता. आमच्या धंद्यातली ही गोष्ट आम्ही शिकणाऱ्यांना सांगत नाही. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. पहिले वीसेक दिवस शिकणाऱ्याच्या हातात फक्त स्टिअरिंग असतं, पाय सगळे मास्तरचे. शिकणाऱ्याला वाटतं, आपण काय झकास गाडी थांबवली. घरी जाऊन तो बायकोला सांगतो. आम्हीही सांगू देतो. भीड चेपली की आपले पाय हळूच काढून घेतो.

हेरवाडे बाईंच्या बाबतीत मी अजून पाय काढून घेतलेले नव्हते. वय सत्तेचाळीस, बोलणं कमी, आणि गाडीत बसताना देवळात शिरल्यासारख्या चपला काढून बसायच्या. “पाच मिनिटं बसा, स्टिअरिंगला हात लावू नका,” असं सांगून मी उतरलो होतो. इंजिन बंद करायला विसरलो, कारण दुसऱ्या दिवशी गावात आरटीओचा कॅम्प होता आणि डोक्यात सगळे फॉर्म होते.

मी दुकानाच्या बाजूच्या फुटपाथवरून गाडीच्या बरोबरीनं पळत सुटलो. दिवा पिवळा झाला. मग लाल. समोरून भाजीचा टेम्पो वळत होता.

आणि गाडी थांबली.

झटका नाही, कचका नाही. पुढचं उजवं चाक पांढऱ्या पट्टीच्या चार बोटं अलीकडे. मी शिकवलेल्या माणसांपैकी निम्मे लोक टेस्टच्या दिवशीसुद्धा असं थांबत नाहीत. मला क्षणभर भीतीचा विसर पडला, इतकं ते बघण्यासारखं होतं.

एवढ्यात मागून वडापची जीप आली, पॅसेंजरांनी खच्चून भरलेली. ती आमच्या गाडीला डाव्या अंगानं घासून लाल दिव्यातून सरळ निघून गेली. चौकातल्या हवालदारानं शिट्टी मारली, दहा पावलं जीपमागे धावला, शिवी हासडली. तेवढ्या वेळात मी रस्ता ओलांडला, दार उघडलं आणि माझ्या सीटवर बसलो. फॉर्म मांडीवर, छाती धपापतेय. बाई समोर बघत होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट.

“एस.टी. मागं थांबलेली. रस्ता अडला होता ओ,” त्या म्हणाल्या. “मग काय करायचं?”

मी काही बोलायच्या आत हवालदार खिडकीशी आला. कांडेकर त्याचं नाव. तेव्हा रस्ता सुरक्षा सप्ताह चालू होता, पावत्या फाडून दाखवायच्या होत्या, आणि जीप तर हातची गेली होती.

“काय ओ, सिग्नल तोडता? शिट्टी मारली म्हणून थांबला, न्हाईतर तुम्हीबी गेलाच होता की जीपमागनं!”

“मी आधीच थांबले होते,” बाई म्हणाल्या.

“लायसन बघू.” त्यानं शिकाऊ लायसन उलटंसुलटं करून पाहिलं. “मास्तर, तुमच्यासारख्या माणसानं शेजारी बसून असं करू द्यायचं म्हणजे काय?”

शेजारी बसून! ते दोन शब्द ऐकून मला कांडेकरच्या पाया पडावंसं वाटलं. मी गाडीतच होतो असं त्यानं धरलं होतं. मी लगेच पाकीट काढलं.

“चुकलं साहेब. पावती फाडा.”

“चुकलं नाही,” बाई म्हणाल्या. “मास्तर, पैसे आत ठेवा.”

“बाई, शंभर रुपयांचा विषय आहे...”

“मी सिग्नल तोडलेला नाही. मी सही करणार नाही.”

मी डोळ्यांनी खुणावलं, पायानं खुणावलं. बाई ढिम्म. कांडेकरनं आधी समजावलं, मग आवाज चढवला, आणि शेवटी वैतागून “मग बघा कोर्टात” म्हणून बाईंचं नाव लिहून घेतलं. कलम एकच, सिग्नल तोडल्याचं. मी तो कागद तीनदा वाचला. माझ्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

*

रुकडीकर वकील हे आमच्या तालुक्याच्या कोर्टातलं जुनं खोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

“मास्तर, आता देवाशप्पथ खरं सांगा. गाडी थांबली तेव्हा तुम्ही कुठं होता?”

मी बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

“पलीकडच्या फुटपाथवर.”

रुकडीकर उठले आणि त्यांनी स्वतः दार लावलं.

“मग नीट ऐका. सिग्नलचं कलम किरकोळ आहे. पण शिकाऊ लायसनवर एकटीनं गाडी चालवली म्हणजे कायद्याच्या लेखी बिनलायसनची चालवली. बाईंवर तो वेगळा खटला. आणि मास्तर तुम्ही, चालू गाडीत शिकाऊ माणसाला एकटं सोडून गेलात. आरटीओला कळलं तर स्कूलचं लायसन गेलंच म्हणून समजा. आज पोलिसांना यातलं काहीही ठाऊक नाही. लढायला गेलात की प्रश्न निघणार. कोण कुठं बसलं होतं, हा एक प्रश्न निघाला की खेळ खलास. म्हणून म्हणतो, गुन्हा कबूल करा आणि मोकळे व्हा.”

“मी गुन्हा केलेला नाही,” बाई म्हणाल्या.

“एकटीनं चालवलीत, तो केलाय की!”

“तो त्यांनी लिहिलेला नाही. लिहिला असता तर कबूल केला असता.”

रुकडीकरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही तुमची शिष्या, आता तुम्हीच बघा.

मी खूप विनवलं. बाई, माझ्याकडे शेती नाही, डिग्री नाही. वीस वर्षं त्या डाव्या सीटवर आणि तिच्याखालच्या दोन पेडलवर माझं घर उभं आहे. दोन्ही मुली कॉलेजात आहेत. लायसन गेलं तर या वयात मी कुणाच्या दारात उभा राहू? बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. पण मान हलली ती नकारार्थीच.

“तुमचं नाव मी घेणार नाही मास्तर. पण मी थांबले होते, हे कोर्टात कुणीतरी सांगायला पाहिजे. तुम्ही बघितलंय. तुम्ही येणार नसाल तर मी पिंजऱ्यात उभी राहते. मग शपथेवर विचारलं तर जे झालं ते सगळं सांगावं लागेल.”

धमकी नव्हती ती. बाईंना धमकी देता येत नव्हती.

“नको, नको,” रुकडीकर घाईनं म्हणाले. “आरोपीवर शपथेवर बोलायची सक्ती नसते. बाई, तुम्ही गप्प बसायचं. मास्तर साक्ष देतील. तीन वाक्यं. दिवा लाल झाला. गाडी पट्टीच्या अलीकडे थांबली. मागून जीप गेली. पाठ करा. चौथं वाक्य तोंडातून काढायचं नाही.”

“आणि गाडी मी थांबवली, हे?” बाईंनी विचारलं.

“त्याची गरज काय? गाडी थांबली, एवढं पुरे.”

बाई पुन्हा कॅलेंडरकडे बघू लागल्या. त्या गप्प बसल्या याचंच मला तेव्हा बरं वाटलं. घरी गेल्यावर मी ती तीन वाक्यं आंघोळ करताना म्हणायचो, जेवताना म्हणायचो. बायकोनं विचारलं, “कसला जप लावलाय?” मी तिच्यावरच खेकसलो.

*

कोर्टात आमचा नंबर लागला तेव्हा साडेबारा वाजले होते. मॅजिस्ट्रेट मॅडम तरुण होत्या, चाळिशीच्याही अलीकडच्या. आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. सरकारी वकीलही नवा होता. नवा माणूस छोट्या खटल्यातसुद्धा जीव ओतून काम करतो, हे मला आधी सुचलं नाही.

आधी कांडेकरची साक्ष झाली.

“गाडीत कोण होतं?” सरकारी वकिलानं विचारलं.

“ह्या बाई. आन् शेजारी मास्तर.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. रुकडीकरांनी उलटतपासणी घेतली तीही लोण्यातून सुरी फिरावी तशी.

“जीप पळाली तेव्हा तुमचं तोंड कुणीकडं होतं?”

“जीपकडं.”

“म्हणजे ही गाडी थांबताना तुम्ही पाहिली नाही.”

“वळून बघितलं तवा थांबलेलीच होती.”

“पट्टीच्या अलीकडं की पलीकडं?”

“पट्टीवरच आसंल. तसंच वाटतंय.”

“वाटतंय,” रुकडीकर म्हणाले आणि खाली बसले.

माझं नाव पुकारलं. शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. पिंजऱ्याच्या कठड्याला हात लावला तर तो घामानं चिकट झालेला, आधीच्या सगळ्यांच्या.

तीन वाक्यं मी धडाधड म्हणून टाकली. दिवा लाल झाला. गाडी पट्टीच्या अलीकडे थांबली. मागून जीप गेली. रुकडीकरांनी समाधानानं मान डोलावली. मी आता सुटलो अशा समजात होतो, तेवढ्यात सरकारी वकील उठला.

“तुम्ही किती वर्षं शिकवता?”

“वीस.”

“आरोपी तुमच्याकडे किती दिवस शिकत होत्या?”

“तीन आठवडे.”

“वय सत्तेचाळीस. तीन आठवड्यांचं शिक्षण. मागे एस.टी. हॉर्न वाजवतेय, समोर लाल दिवा. मास्तर, अशी बाई गोंधळून पुढेच जाणार ना? अनुभवी ड्रायव्हरसारखी बरोबर पट्टीपाशी थांबेल, हे तुम्हाला तरी पटतं का? की हवालदाराची शिट्टी ऐकून कशीबशी थांबली?”

असं म्हणून तो किंचित हसला. त्या हसण्यानं माझं टाळकं सणकलं. मी काहीही ऐकून घेईन, पण मला गाडीतलं काय कळतं, हे कालच्या पोरानं मला विचारायचं?

“कशीबशी?” मी म्हणालो. “साहेब, पुढचं उजवं चाक पट्टीच्या चार बोटं अलीकडे होतं. चार बोटं! घाबरून ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली बसतं, मागचा भाग उचलतो. तसं काही झालं नाही. टायर घासलं नाही, इंजिन बंद पडलं नाही. अशी गाडी थांबवणारे या गावात दहा निघायचे नाहीत.”

बोलून झालं आणि मी बाईंकडे पाहिलं. आरोपीच्या जागेवर त्या उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेतलेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. गाडी शिकताना एकदाही त्या अशा हसल्या नव्हत्या.

मग मी रुकडीकरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मॅडमचं पेन थांबलं होतं.

“साक्षीदार,” त्या म्हणाल्या, “तुम्ही डाव्या सीटवर होतात ना?”

“हो... हो मॅडम.”

“डाव्या सीटवर बसून पुढचं उजवं चाक दिसतं?”

कोर्टात पंखा फिरत होता. त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. चौथं वाक्य नव्हे, चांगली पाच-सहा वाक्यं मी बोलून बसलो होतो, आणि तीही रस्त्यापलीकडे उभा राहून पाहिलेली. गाडीत बसलेल्या माणसाला ना चाक दिसतं, ना गाडीचं नाक. सरकारी वकिलाच्या अजून ध्यानात आलं नव्हतं, पण मॅडम उत्तराची वाट बघत होत्या. डोळ्यांसमोर शटर ओढलेलं स्कूल आलं. छपरावरून काढलेली पाटी आली. बाईंवरचा दुसरा खटलाही आला, हे मी सांगतो. पण आधी आलं ते माझं शटर.

“दिसत नाही मॅडम,” मी म्हणालो. “पण कळतं. वीस वर्षांच्या सवयीनं कळतं. आमच्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक असतो. तो माझ्या पायाखाली होता.”

“म्हणजे ब्रेक तुम्ही मारला?”

“हो.”

“आरोपीनं नाही?”

इथे नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी आणखी पुढे गेलो. खोटं बोलताना माणूस हात राखून बोलत नाही.

“नाही मॅडम. त्यांना अजून ब्रेक जमतच नाही. पहिला महिनाभर पाय आमचेच असतात.”

मॅडमनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. सरकारी वकिलानं खांदे उडवले. मास्तरनंच थांबवली म्हटल्यावर त्याच्याही मनातली शंका फिटली होती. बाईंकडे मी पाहिलं नाही. पंखा बघत राहिलो.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल. मॅडमनी थोडक्यात वाचून दाखवला. हवालदारानं वाहन थांबताना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. शेजारी बसलेल्या प्रशिक्षित चालकानं वेळीच ब्रेक लावून वाहन रेषेच्या अलीकडे थांबवलं, हे साक्षीवरून दिसतं. सबब, आरोपी निर्दोष.

*

“मास्तर, तुम्ही वकीलच व्हायला पाहिजे होतं!” बाहेर आल्यावर रुकडीकरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “मला तर देव आठवले होते. काय निसटलात! बरं बाई, निकालाची नक्कल हवी होती ना तुम्हाला? आताच अर्ज देऊन टाकू.”

“नको आता,” बाई म्हणाल्या.

“पहिल्या दिवसापासून तर विचारत होता, नक्कल कधी मिळेल म्हणून.”

“नको.”

रुकडीकर दुसऱ्या पक्षकाराच्या हाकेला ओ देत निघून गेले. आम्ही दोघं सायकल स्टँडपाशी उभे राहिलो. मी म्हणालो, “बाई, सुटलो आपण. दोघंही सुटलो.” माझा आवाज मलाच खोटा वाटला.

“समन्स घरी आलं ना,” बाई माझ्याकडे न बघता सांगू लागल्या, “तेव्हा साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, सरकारनंच लिहून दिलं, तुला जमत नाही. गाडी विकून टाकतो. मी म्हटलं, मी थांबवली होती. तर म्हणाले, तू म्हणून काय उपयोग? कोर्टाचा कागद आण. गाडी तू थांबवलीस असं त्यात लिहिलेलं असलं, तर किल्ली तुझ्याकडे. पुन्हा विचारणार नाही, कुठं जातेस म्हणून.”

बाईंचे साहेब म्हणजे त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. कागद असल्याशिवाय सूर्य उगवला हेही मान्य न करणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल गावात बोललं जायचं.

“माझी आई तासगावच्या पुढं एकटी असते,” बाई म्हणाल्या. “तिला आता चालवत नाही. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथनं तीन किलोमीटर. साहेब वर्षातनं दोनदा नेतात. गाडी दारात उभीच असते.”

“हे मला आधी सांगायचं होतं बाई.”

“सांगितलं असतं तर?”

तरीही मी तेच केलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

“मास्तर, तुम्ही बघितलं होतं ना? खरंच चार बोटं?”

“खरंच. चार बोटं.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि रिक्षाकडे गेल्या. खटला लागल्यापासून थांबलेल्या क्लासला त्या पुन्हा आल्या नाहीत. उरलेल्या आठवड्याची फीही त्यांनी परत मागितली नाही.

*

त्या आठवड्यात मी शिकवायचं म्हणून शिकवलं. कुणी चांगला ब्रेक मारला की मी खिडकीबाहेर बघायचो. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी हेरवाड्यांच्या घरी गेलो. बायकोला सांगितलं, पेट्रोल भरून येतो.

कॉलनीतलं शेवटचं घर. दारात त्यांची गाडी, बॉनेट उघडलेलं. एक माणूस इंजिनात डोकं घालून बघत होता. साहेब व्हरांड्यात खुर्चीवर, समोर छोटं टेबल. मी ओळख सांगितली तसं त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

“या मास्तर. अगं, मास्तर आलेत, चहा टाक.” आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. “बरं झालं आलात. गिऱ्हाईक आलंय. गाडीबद्दल तुमचं मत विचारणारच होतो.”

“साहेब, गाडी विकू नका,” मी म्हणालो. “मी वेगळ्याच कामाला आलोय. त्या दिवशी ब्रेक बाईंनीच मारला.”

साहेबांनी टेबलाच्या खणातून एक घडी केलेला कागद काढला. निकालाची नक्कल. बाईंनी आणली नव्हती, ती त्यांनी स्वतः अर्ज करून आणली होती. एका ओळीखाली तांबड्या शाईनं रेघ मारलेली.

“इथे वेगळं लिहिलंय.”

“ते मी खोटं सांगितलं. मी गाडीत नव्हतोच. पलीकडच्या फुटपाथवरून बघत होतो. बाई एकट्या होत्या आणि त्यांनी एकटीनं गाडी थांबवली, अशी की मी वीस वर्षांत कुणाला थांबवताना पाहिलं नाही. माझं स्कूल जाईल या भीतीनं मी खोटं बोललो.”

मी हे सगळं एका दमात बोललो, आणि मला हलकं वाटलं. दाराशी बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि कोर्टात दिसलं होतं तेच, तसंच, त्यांच्या चेहऱ्यावर परत येऊ लागलं होतं.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, “शपथ घेऊन बोलला होतात ना कोर्टात?”

“हो.”

“शपथेवर सांगितलं ते खोटं, आणि बिनशपथेचं आत्ता सांगताय ते खरं. असं मी धरून चालायचं?”

“खरं सांगतो साहेब.”

“मग लिहून द्या.”

त्यांनी खणातून कोरा कागद काढला, टोपण काढून पेन त्यावर ठेवलं आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवलं. “आत्ता बोललात तेवढंच. खाली सही आणि तारीख. मी शब्दाचा माणूस आहे. तुमची सही झाली की गिऱ्हाईकाला परत पाठवतो आणि किल्ली हिच्या हातात देतो, तुमच्यासमोर.”

मी पेन उचललं. तारीख लिहिली. ‘मी, आंबी’ एवढं लिहिलं. मग हात थांबला. तो कागद या खणात राहणार होता. कुठल्या दिवशी, कुणापुढे तो बाहेर येईल, मला सांगता येत नव्हतं. सिग्नलचं किरकोळ कलम कधीच मागे पडलं होतं. आता कोर्टात खोटी साक्ष दिल्याचं होतं, आणि तेही माझ्याच अक्षरात. मला मुलींची नावं आठवली. पाटी आठवली.

ट्रेमधला कप बशीवर किणकिणला.

मी पेन खाली ठेवलं. टोपणही लावलं.

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला, अर्धवट ओळ वाचली आणि फाडून टाकला. तेही त्यांनी शांतपणे केलं. बाईंनी चहा टेबलावर ठेवला.

“घ्या मास्तर, निवेल,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. मी तो चहा प्यायलो, कारण न पिता उठायचं कसं ते कळेना. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

गिऱ्हाईकानं बॉनेट लावलं. “साहेब, एक ट्रायल मारून बघतो,” म्हणून तो गाडीत बसला. फाटक अरुंद होतं आणि गाडी उलटी काढायची होती.

“मास्तर, जरा मागं उभं राहून बघा हो,” साहेब म्हणाले. “खांबाला घासायला नको.”

मी गेलो. फाटकापाशी उभा राहिलो, आणि वीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप वर झाला.

“येऊ द्या,” मी म्हणालो. “येऊ द्या... थोडं डावीकडे... सरळ करा... येऊ द्या.”

बाई व्हरांड्याच्या पायरीवर उभ्या होत्या. गाडी दोन्ही खांबांच्या मधून बाहेर पडली. कुठेही घासली नाही.